पैसा आला तरी बाईला वेळ कुठून आणायचा?

नेहमी ऐकू येतं की खेड्यातला सामाजिक उद्योग, म्हणजे लोकांची अडचण सोडवायला चालवलेला धंदा, अडतो तो भांडवलावर, एकदा निधी मिळाला की गाडं चालतं. मला हे अर्धंच पटलं. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडची माणदेशी महिला सहकारी बँक घ्या. बँकेच्या संस्थापक चेतना सिन्हा आणि गावातल्या बायकांनी परवान्यासाठी केलेला पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला, कारण बऱ्याच जणींचे अंगठे होते. बायका अक्षरं शिकल्या, पुन्हा गेल्या आणि १९९७ साली बँक उभी राहिली. हा किस्सा बहुतेकांनी ऐकलेला असतो.

खरी मेख पुढे आहे. मजुरीवर जाणारी बाई वीस-पन्नास रुपये भरायला काउंटरवर आली तर तिचा रोज बुडतो. म्हणून बँकेची माणसंच बाजारात, दारात जाऊन पैसे गोळा करू लागली. मग पासबुकाचा घोळ. ते घरात सापडलं की नवऱ्याला शिल्लक कळते, आणि कळली की ती राहते कशाला! त्यावर, शिल्लक वाचता येणार नाही अशा कार्डाचा तोडगा निघाला. (असली अडचण कुठल्या प्रकल्प अहवालात आधी लिहिलेली असते?)

२०१२ च्या दुष्काळात याच मंडळींनी म्हसवडला चारा छावणी उघडली. बँकेचं हे काम नव्हे असं कुणी म्हणेल, पण जनावर कवडीमोलाने विकलं गेलं तर बाई हप्ता फेडणार कशातून? अर्थात दारोदार फिरण्याचा खर्च लहान ठेवींवर सुटणं अवघडच, आणि निधी लागतो तो तिथे.