मदत हवी आहे: हवा पोटात नाही, छातीत जाते हे लहान मुलांना कसं दाखवू?

चार-पाच वर्षांच्या मुलांना अवयव आणि त्यांची कामं शिकवतेय. नाक-कान-डोळे खेळता खेळता झाले. हृदयही जमलं: स्वतःची मूठ छातीच्या मधोमध, किंचित डावीकडे ठेवायची, मग उड्या मारून जोडीदाराच्या छातीला पुठ्ठ्याची नळी लावून ठोके ऐकायचे. धडधड वाढलेली ऐकून एकच कल्ला होतो.

गाडी अडलीय फुफ्फुसांपाशी. मुलांना आडवं झोपवून पोटावर कापडी बाहुली ठेवली. श्वास घेतला की ती वर येते. त्यावरून सगळ्यांचं ठाम मत, हवा पोटात जाते! निरीक्षण तर खरंच आहे. श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूंचा पडदा, खाली सरकतं, पोटातले अवयव ढकलले जातात, म्हणून पोट फुगतं. पण हे आतलं काम दाखवू कसं? कापलेली बाटली, आत फुगा, तळाला ताणलेलं रबर असं मॉडेल केलं. मुलं फुग्यातच रमली, बाटली म्हणजे आपली छाती हे काही पोचलं नाही. बरगड्यांवर हात ठेवायला सांगितलं तर गुदगुल्या सुरू.

मुलांना वाचता येत नाही, वेळ पंधरा-वीस मिनिटं, स्क्रीन नको. फुगेही त्यांच्या हातात द्यायचे नाहीत, फुटलेला तुकडा घशात अडकू शकतो. एप्रनवर कापडी अवयव चिकटवायची तयारी आहे.

या वयात श्वासपटल सांगावं, की ‘हवा छातीत’ एवढ्यावरच थांबावं? आणि सांगायचं तर मुलांना स्वतःच्या अंगावर करून बघता येईल अशी कोणती कृती तुमच्याकडे चालली?