खोल पाण्यातली शेवंड १३ अंशांवर थांबते, हे ठरवलं कोणी?

खडपी (धागाकर्ता)
गेले काही दिवस एक नकाशा सगळीकडे पुढे ढकलला जातोय. केरळसमोर लाल पट्टा, मंगळूरच्या आसपास, १३ अंश उत्तर अक्षांशाला, तो कापलेला, आणि खाली मजकूर: ‘खोल समुद्रातली शेवंड फक्त कन्याकुमारी ते मंगळूर. पुढे पाण्यात प्राणवायू नाही, म्हणून शेवंड नाही. कोकणातल्या बोटींनी उगाच डिझेल जाळू नये.’ त्यावर दोनशे जणांचे अंगठे.

एवढ्या ठाम नकाशाला उत्तर द्यायलाच हवं. लाल पट्टा ज्या प्युरुलस सेवेली या जातीच्या शेवंडीचा आहे, तिचं पहिलं वर्णन १९३८ मध्ये रमदान यांनी केलं, तेही केरळच्या नमुन्यांवरून नव्हे, तर मबाहिस जहाजाच्या १९३३-३४ च्या जॉन मरे मोहिमेच्या मालावरून. एडनचं आखात, सोमालिया आणि पाकिस्तानसमोरही तिची नोंद आहे. म्हणजे १३ अंशांवर ‘संपलेली’ शेवंड कराचीच्या बाजूला पुन्हा उगवते. मधल्या गोवा, कोकण, गुजरातसमोरच्या खंडान्त उतारावर (समुद्रबूड जमीन संपून तळ खोल जायला लागतो तिथे) कोरा कागद.

कोऱ्या कागदाचे दोन अर्थ होतात. तिथे प्राणी नाही, किंवा तिथे धड जाळं पडलं नाही. नकाशावाल्याने पहिला अर्थ उचलला आणि दुसरा आहे हे सांगितलंच नाही.

वाव_मोजा
कराची आली म्हणून कोकण आपोआप येत नाही, साहेब. अरबी समुद्रात साधारण दीडशे मीटरपासून हजार-बाराशे मीटरपर्यंत प्राणवायूचा दुष्काळी थर आहे, आणि उत्तरेकडे तो कडक होत जातो. ही शेवंड बहुतांशी १८० ते ३०० मीटरांत मिळते, म्हणजे नेमकी त्या थराच्या वरच्या तोंडाशी. केरळसमोर तिथे निदान श्वास घेण्यापुरतं काहीतरी असतं. उत्तरेला प्राणवायू संपतो आणि पाण्यातले जिवाणू नायट्रेटसुद्धा खाऊन टाकतात. मबाहिसच्याच मोहिमेत अरबस्तानच्या किनाऱ्यासमोर उतारावर सडक्या अंड्यांच्या वासाचा, जीवच नसलेला चिखल वर आला होता. तुमचाच साक्षीदार आहे हा.

आणि ‘जाळं पडलं नाही’ ही तर लोणकढी थाप. सागर संपदा हे संशोधन जहाज १९८४ पासून फिरतंय. भारतीय मत्स्य सर्वेक्षणाची मत्स्य मालिकेतली जहाजं आहेत, त्या खात्याचं मुख्यालयच मुंबईत आहे. उत्तरेला उतारावर हॉल, म्हणजे जाळं टाकून ओढणं, झालेत.

खडपी
हॉल झालेत, मान्य. सर्वेक्षणाचा हॉल टाकतात कुठे तेही सांगा ना. तळ मऊ आणि सपाट असेल तिथे. कोल्लमसमोर ‘क्विलॉन बँक’ नावाच्या समुद्रतळाच्या भागावर उतार सौम्य आहे, जाळं तासभर सरळ ओढता येतं. इंडो-नॉर्वेजियन प्रकल्पाच्या बोटींनी १९६० च्या दशकात हा साठा तिथे दाखवला तोही त्याचमुळे. जिथे उतार तुटक आहे, खडक आहे, तिथे कप्तान जाळं टाकतच नाही, टाकलं तर फाटतं, आणि फाटलेला हॉल तक्त्यातून गळतो.

नायट्रेट खाणाऱ्या पाण्याचंही तसंच. तो पट्टा मुख्यतः मोकळ्या समुद्रात आहे. आपल्या उताराला चिकटून पावसाळ्यात दक्षिणेकडून उत्तरेला एक अंतःप्रवाह वाहतो, तो तुलनेने बरं पाणी घेऊन येतो. मोकळ्या समुद्रातल्या स्टेशनचा आकडा उचलून उतारावर चिकटवणं चूक आहे.

नस्तंच_खोल
या धाग्यात एक गल्लत होणारच, म्हणून आधीच सांगतो. ऑगस्ट ते ऑक्टोबर गोवा-कारवारसमोर किनाऱ्यालगत जे पाणी मरतं, त्याचा या थराशी थेट संबंध लावू नका. ते उथळ, दरवर्षी येतं आणि जातं. गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था कांदोळीसमोर १९९७ पासून ते मोजते आहे. खोल थर बारमाही आहे. वर्तमानपत्रं दोन्हीला ‘मृत समुद्र’ म्हणतात आणि मग असले नकाशे जन्माला येतात.

बर्फाची_लादी
प्राणवायू राहू दे. त्या लाल पट्ट्याचा माल कुठून मोजला ते विचारा. बंदरावर मोजला! सीएमएफआरआयची (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेची) आकडेवारी बंदरावर उतरलेल्या मालाची असते, ते तसं स्पष्ट लिहितातही. वाचणारे वाचत नाहीत. १९९९-२००० पासून केरळच्या बोटी खोल कोळंबीसाठी उतारावर जायला लागल्या, हेटरोकार्पस आणि ॲरिस्टियस या कोळंब्यांच्या मागे. शेवंड त्यांच्या जाळ्यात वरकड म्हणून येते. शक्तिकुळंगरा, मुनंबमच्या बोटी आठ-दहा दिवसांच्या फेरीत कर्नाटकासमोरही ओढून येतात आणि माल घरी उतरवतात. नोंद झाली केरळची. तुमचा १३ अंश हा शेवंडीचा नाही, बोटींच्या घरचा पत्ता आहे.

वाव_मोजा
लॉगबुक असतं.

बर्फाची_लादी
असतं ना. त्यात खोली काय लिहिलेली असते? इको साउंडरची. साउंडर बोटीखाली, जाळं कुठे? ३०० मीटर पाण्यात खोलीच्या अडीच पट तार सोडली तर ७५० मीटर. जाळं बोटीच्या साधारण ६९० मीटर मागे. उतार समजा ४० ला १ आणि बोट आडवी, म्हणजे खोलीच्या दिशेने चाललीय. खोलीत १७ मीटरचा फरक इथेच पडला. एवढा चालेल म्हणा. पण अडीच नॉटने एक तास ओढलं की बोट ४.६ किमी जाते, म्हणजे एकाच हॉलमध्ये खोली ११५ मीटर बदलली. त्या हॉलमधल्या शेवंडी कुठल्या खोलीच्या? लॉगबुकात सुरुवातीचा आकडा असतो. समखोलीच्या रेषेवरून ओढलेला हॉल असेल तरच ‘१८० ते ३००’ वगैरे बोलावं.

आणि तास कधीपासून मोजता? तार सोडून विंचला ब्रेक लावल्यापासून. जाळं तळाला बसायला चांगली वीस मिनिटं जातात. तार कमी सोडली तर जाळ्याचं तोंड उघडं ठेवणाऱ्या फळ्या तळावरून उचलल्या जातात, जाळं तरंगत येतं, कोळंबी थोडीफार मिळते आणि चिखलात बसलेली शेवंड शून्य. मग तासाला किलोचा हिशेब मांडून उत्तरेला ‘कमी घनता’ म्हणायचं.

नस्तंच_खोल
तारेवरून आठवलं. कोकणातल्या किती बोटींच्या ड्रमवर हजार मीटर तार मावते? इकडच्या ट्रॉलरचा विंच ५०-६० मीटर पाण्याच्या हिशेबाने बसवलेला असतो. नुसती तार लांबवून भागत नाही. ड्रम भरत जातो तसा त्याचा व्यास वाढतो आणि ओढ कमी होते, तिथे जुनी इंजिनं दमतात. दोन्ही तारांवर खुणा नसतील तर एक फळी पुढे, एक मागे, जाळ्याचं तोंड मिटतं, आणि ते वर येईपर्यंत कोणाला कळतही नाही.

दर्याकिनारी_७२
इथे सगळे उत्तरेला शेवंड आहे की नाही यावर भांडतायत. असली तर काय करणार आहात? मुंबईसमोरच्या चपट्या शेवंडीचं जे केलंत तेच ना? थेनस! ट्रॉलरच्या खोल्यात (जाळ्याच्या शेवटच्या पिशवीत) अंडीवाल्या माद्या येत राहिल्या, दर वाढत गेला आणि १९९० च्या दशकाच्या मध्याला मासेमारीच बसली. निर्यातीसाठी किमान वजनाचा नियम कधी आला? २००३. चपटीला १५० ग्रॅम, काटेरी शेवंडींत पॉलिफेगसला ३००, होमारसला २००, ऑर्नेटसला ५००. घोडा पळून गेल्यावर तबेल्याला कुलूप. आणि त्या यादीत प्युरुलस आहे का? नाही! उतारावरची शेवंड कोणत्याही आकाराची उचला, तो नियम गप्प.

वाव_मोजा
विषय वितरणाचा आहे. प्रत्येक धाग्यात थेनसचं दहावं-बारावं घालायलाच हवं का?

दर्याकिनारी_७२
घालणार. ज्याचं वितरण मोजायचं तो प्राणी शिल्लक राहिला पाहिजे, एवढं कळायला लॉगबुक लागत नाही.

खडपी
दोघांनाही हात जोडतो. दर्याकिनारी यांचा मुद्दा मात्र वितरणाशी जोडलेलाच आहे. उतारावरचा पट्टा अरुंद असतो. १८० ते ३०० मीटर म्हणजे खोलीचा फरक १२० मीटर, ४० ला १ उतारावर ही पट्टी जेमतेम पाच किमी रुंद. लांबीला शेकडो किमी, रुंदीला पाच. नकाशावर ती जाड ब्रशने रंगवली की साठा अफाट वाटतो.

वाव_मोजा
वाटू दे. माझा प्रश्न तिथेच आहे. या शेवंडीच्या चपट्या, पारदर्शक अळ्या महिनोन् महिने पाण्यात तरंगतात. हिवाळ्यात किनाऱ्याचा प्रवाह उत्तरेला वाहतो. केरळच्या माद्यांच्या अळ्या दरवर्षी कोकणासमोर पोचत असणार. इतकी वर्षं फुकट बियाणं पडूनही पीक दिसत नसेल तर दोष जमिनीचा. प्राणवायू हेच सोपं उत्तर आहे.

खडपी
सोपं आहे, म्हणूनच धोक्याचं. ओमानच्या उतारावर हजार मीटरच्या आसपास, या दुष्काळी थराच्या खालच्या काठाशी, एन्सेफॅलॉइड्स खेकड्यांची दाट वस्ती सापडलेली आहे. काठावर अन्न भरपूर आणि शत्रू कमी, म्हणून तिथे गर्दी होते. शेवंडीला हेच लागू आहे असा माझा दावा नाही. पण ‘प्राणवायू कमी म्हणजे प्राणी नाही’ ही सरळ रेषा मोडायला तेवढं पुरे. शिवाय मोजणारं उपकरण तळाच्या पाच-दहा मीटर वर थांबवतात, आपटू नये म्हणून. शेवंड तळावर बसते. तिच्या मिशांपाशी किती प्राणवायू आहे, तो आकडा तुमच्याकडेही नाही.

वाव_मोजा
बरं बाबा, सीमारेषा नाही. ‘विरळ’ म्हणू. झालं समाधान? तासाला चार नग मिळाले तरी नकाशावर ठिपका येईल, बोटीचं डिझेल मात्र निघणार नाही. मुंबईसमोर समुद्रबूड जमीनच सुमारे ३०० किमी रुंद आहे, कोचीसमोर ती त्याच्या पावपटीच्या आसपास. आठ नॉटने फक्त उताराच्या तोंडाशी पोचायला वीस तास. आपली आर्थिक हद्द ३७० किमीला संपते, म्हणजे हातात उरला ७० किमीचा पट्टा. आणि जून-जुलैचे ६१ दिवस २०१५ पासून तिथेही बंदी. नकाशावाल्याचं कारण चुकलं असेल, सल्ला चुकलेला नाही.

खडपी
सल्ल्याबद्दल मी बोललोच नव्हतो. चुकीच्या कारणाने दिलेला बरोबर सल्ला पुढच्या सर्वेक्षणाचे पैसे कापतो, एवढंच लिहून ठेवा.

नस्तंच_खोल
आणखी एक राहिलं. ‘खोल समुद्रातली शेवंड’ ही काय एकच आहे? प्युरुलसला नांग्या नसतात. नेफ्रॉप्सिस स्टुअर्टीला असतात, डोळे नावापुरते, आणि ती सहसा आणखी खाली मिळते. तिचं वर्णन वुड-मेसनने १८७० च्या दशकातच अंदमानच्या नमुन्यावरून केलं. तमिळनाडूच्या बाजूला लिन्युपॅरस येते. तिन्हींचे पट्टे वेगवेगळ्या खोलीचे. एका लाल रंगात कोंबले की अक्षांश कोणताही काढा, चूकच येणार.

बर्फाची_लादी
आणि ओळखणार कशावरून? प्युरुलसच्या जाती सांगायच्या तर पाठीच्या कवचावरच्या मधल्या कण्याचे दात मोजावे लागतात. बोटीवर डोकं पिरगळून समुद्रात जातं. कारण साधं आहे: डोक्यातलं यकृत आधी फुटतं, त्याचा रस शेपटीचं मांस पिठूळ करतो, आणि डोकी ठेवली तर खणात निम्मी जागा वाया. शेपटीला मेटाबायसल्फाइटचं पाणी, मग बर्फ. बंदरावर येतं ते नुसतं शेपट्यांचं खोकं. कवचच नाही, तर कवचाची लांबी नाही, दात नाहीत. ‘खोल शेवंड’ या एका ओळीत सगळं जमा.

वाव_मोजा
मग उपाय काय? डोक्यासकट आणा म्हणाल तर मालक हसेल.

बर्फाची_लादी
सगळा माल नको. दर हॉलमागे दहा नग डोक्यासकट, न निवडता, खोला रिकामा होताना वरचे पहिले दहा. वेगळ्या पिशवीत, पिशवीत चिठ्ठी: हॉल क्रमांक, जाळं तळाला लागल्याची आणि उचलल्याची वेळ, दोन्ही वेळची खोली, सोडलेली तार, जीपीएसचे दोन आकडे. चिठ्ठी पेन्सिलने, बॉलपेन बर्फाच्या पाण्यात पुसतं. शून्य आलेल्या हॉलचीही चिठ्ठी हवी. रिकाम्या पिशव्या आणायला कोणी तयार होत नाही, आणि तुमच्या भांडणाला त्याच लागणार आहेत.