पोहणे सुरू असताना नेलपॉलिश आणि नखे कशी टिकवावीत?

प्रश्न (पहाटपोहणी)

मी आठवड्यातून चार दिवस सकाळी पाऊण तास पोहते आणि दर रविवारी निवांत बसून घरीच मॅनिक्युअर करते. परंतु नेहमीचे नेलपॉलिश बुधवारपर्यंतही तग धरत नाही. आधी उजव्या तर्जनीच्या टोकाशी बारीक टवका उडतो आणि मग चाळा म्हणून तिथे नख लावले की अख्खा पापुद्रा सोलून हातात येतो. अलीकडे तर पॉलिशबरोबर नखाचाही पातळ थर सुटू लागला आहे. हा सारा क्लोरीनचाच प्रताप समजावा का? जेल पॉलिश करून घे, असे मैत्रिणी सुचवतात. पण नखे आधीच कमजोर झालेली असताना ते करावे की नाही, याबद्दल मन साशंक आहे. पोहणे सोडण्याचा सल्ला मात्र कृपया कोणी देऊ नये.

उत्तर (जलचर)

क्लोरीन निर्दोष नाही, पण माझ्या मते मुख्य गुन्हेगार साधे पाणीच आहे. नख म्हणजे केराटिन या प्रथिनाने भरलेल्या चपट्या, मृत पेशींचे एकावर एक बसलेले थर. पाण्यात ते पाणी शोषून फुगते आणि बाहेर आल्यावर वाळून आकसते. वरचा पॉलिशचा थर मात्र तितका ताणला किंवा आकसला जात नाही, त्यामुळे त्याची पकड सर्वांत आधी टोकाशी सुटते. सतत भांडी घासणाऱ्यांच्या नखांचेही असेच पापुद्रे निघतात, ते यामुळेच. तलावाच्या पाण्यात एका लिटरमागे साधारणपणे 1 ते 3 मिलिग्रॅम क्लोरीन राखलेले असते. ते नखांवरचा आणि कडेच्या त्वचेवरचा तेलकटपणा काढून घेते, म्हणून पोहून आल्यावर बोटे कोरडी, खरखरीत लागतात.

पॉलिश लावताना प्रत्येक कोटाच्या वेळी ब्रश नखाच्या मोकळ्या कडेवरूनही, म्हणजे अगदी टोकाच्या जाडीवरून, एकदा फिरवावा, म्हणजे पाण्याला आत शिरायला फट राहत नाही. पॉलिश हाताला कोरडे लागले तरी ते आतून पक्के व्हायला बरेच तास लागतात, तेव्हा पोहणे आणि पॉलिश यांत किमान एक रात्र जाऊ द्यावी.

उत्तर (नखरंग)

मी हेच काम करते, म्हणून जेलविषयी लिहिते. जेल दिव्याखाली कडक होते, साध्या पॉलिशपेक्षा कितीतरी जास्त दिवस टिकते आणि पाण्यालाही चांगले तोंड देते, हे खरे आहे. परंतु त्याची कड एकदा उचलली गेली की खाली पाणी साचून राहते, आणि अशा ओलसर जागी स्यूडोमोनास नावाचे जीवाणू वाढून नख हिरवे पडू शकते. माझ्याकडे येणाऱ्या एका पोहणाऱ्या बाईंनी सुटलेली कड घरच्या घरी डिंकाने चिकटवली होती. जेल काढले तेव्हा खाली तिळाएवढा हिरवट ठिपका दिसला. अशा वेळी त्यावर पुन्हा रंग चढवून तो झाकू नये, नख उघडे आणि कोरडे ठेवून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

तुमच्या नखांचे थर सुटत असताना मी तरी जेल लावून देणार नाही. ते काढताना ॲसिटोनमध्ये भिजवावे लागते, आणि धीर न धरता ओरबाडले तर नखाचा वरचा थरही सोबत निघतो. पोहण्याच्या आदल्या दिवशी क्युटिकल, म्हणजे नखाच्या मुळाशी असलेली पातळ त्वचा, कापू नयेत, हेही सांगून ठेवते.

पहाटपोहणी

दोघांचेही आभार. रविवारी मी न्हाऊन आल्या आल्या मॅनिक्युअरला बसते, कारण तेव्हा क्युटिकल मऊ असतात आणि सहज मागे सरतात. हे चुकते आहे का?

जलचर

तिथेच मेख आहे! ओल्या, फुगलेल्या नखावर तुम्ही रंग चढवता आणि ते आकसू लागले की त्याची पकड पहिल्याच दिवशी ढिली होते. क्युटिकल न्हाल्यावर जरूर सारावेत, पण रंगाची बाटली तासाभरानंतर उघडावी. लावण्यापूर्वी नखांवरून रिमूव्हरचा बोळा फिरवावा, म्हणजे तेलाचा अंश राहत नाही.

तलावातून आल्यावर हात साध्या पाण्याने धुऊन, टिपून, नखांच्या मुळाशी जोजोबा तेलाचा एखादा थेंब चोळावा. हाताचे नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढते, तेव्हा थर सुटलेला भाग पूर्ण निघून जायला एक-दोन महिने लागतील. तोवर नखे आखूड ठेवावीत आणि कानस एकाच दिशेने चालवावी.

नखरंग

आणि तर्जनीच्या टवक्याशी चाळा करण्याऐवजी त्यावर टॉप कोटचा, म्हणजे रंगावर लावायच्या पारदर्शक पॉलिशचा, एक हात फिरवून घ्यावा.