पेलेटचं हेड साइझ ४.४९ की ४.५०? आणि .२२ चा लॉट कसा तपासायचा?

करवीर_१०९
मुलगी १५ वर्षांची, कोल्हापुरात दुधाळीला १० मीटर एअर रायफलचा सराव करते. एकाच कंपनीचे, ०.५३ ग्रॅमच्या पेलेटचे (शिशाच्या छोट्या गोळ्यांचे) तीन डबे घेतलेत, हेड साइझ (पेलेटच्या डोक्याचा व्यास) ४.४९, ४.५० आणि ४.५१ मि.मी. आता तीन माणसांची तीन मतं. एक म्हणतो डोळे झाकून ४.५० घ्या. दुसरा म्हणतो बोटानं ढकलताना जो घट्ट बसेल तो घ्या. तिसरा म्हणतो पेलेटनं काही होत नाही, ट्रिगर सुधारा. घरच्या घरी नीट चाचणी कशी करायची? पुढच्या वर्षी ५० मीटरला, म्हणजे .२२ ला (काडतुसाच्या रायफलीला) जायचा विचार आहे. तिथं सगळे ‘लॉट, लॉट’ करतात, ते नेमकं काय? आणि मोठ्या रायफलींसारखं बुलेट-पावडर निवडून .२२ चं काडतूस आपण भरू शकतो का?

उद्यमनगर_व्हर्निअर
तिसऱ्याचं निम्मं बरोबर आहे. आधी हिशेब बघा. १० मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, पेलेट साडेचारचा. म्हणजे पेलेटचा मध्य केंद्रापासून २.५ मि.मी.च्या आत पडला की दहा. दशांश गुण पाव-पाव मिलिमीटरला बदलतो. नेम अगदी केंद्रावर असून पेलेटमुळे छिद्र १ मि.मी. सरकलं, तर १०.९ च्या जागी १०.६. साठ शॉट्समध्ये ही गळती जाणवते. पण पोरीचा ग्रुपच (सगळ्या छिद्रांचा पसारा) १२ मि.मी.चा असेल तर हेड साइझवर महिना घालवू नका.

बोटानं ढकलून मात्र काहीच कळत नाही. हाताला जे लागतं ते पेलेटच्या मागच्या पसरट कडेचं, स्कर्टचं लागतं, आणि हेड साइझचा मामला पुढच्या कडेचा आहे.

चाचणी रायफल व्हाइसमध्ये (पकडीच्या शिकंजात) आवळूनच करा, खांद्यावर नको. आपल्याकडं उद्यमनगरात कुठलाही फिटर रायफलच्या स्टॉकखालच्या रेलला पकडणारं फिक्स्चर करून देईल. पकड रेलवर किंवा अॅक्शनवर (पेलेट भरतात त्या मधल्या भागावर) घ्या. बॅरल (नळी) आणि हवेचा सिलिंडर मोकळे राहिले पाहिजेत. बॅरल आवळली की प्रत्येक शॉटला ताण बदलतो आणि तुम्ही पेलेटऐवजी व्हाइसची चाचणी करत बसता.

प्रत्येक साइझचे १०-१० शॉट्सचे पाच ग्रुप. साइझ बदलली की पहिले १० पेलेट मोजायचे नाहीत, बॅरलला नव्या पेलेटची सवय होऊ द्या. क्रम ४.४९, ४.५०, ४.५१, मग उलटा, मग परत सुलटा, असा फिरवत ठेवा. नाहीतर सिलिंडर भरलेला असताना एक साइझ आणि उतरल्यावर दुसरी, असा अन्याय होतो. दर ग्रुपला गेजवरचा दाब (बार) लिहून ठेवा. एकूण ३०० पर्यंत पेलेट जातील. जाऊ द्यात.

मोजताना व्हर्निअर बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत लावा आणि त्यातून एका छिद्राचा व्यास वजा करा. थेट ४.५ वजा करू नका. कागदातलं छिद्र बहुतेक वेळा त्याहून किंचित लहान दिसतं, म्हणून त्याच कार्डावर कोपऱ्यात एक सुटा शॉट मारून तोच मोजा. कार्ड जाड आणि कोरडं हवं. पावसाळ्यात दमट कार्डाच्या कडा फाटतात आणि ०.३ मि.मी.ची चूक सहज होते. एकेका ग्रुपवरून निकाल देऊ नका, पाचांची सरासरी घ्या. सरासरीत ०.१-०.२ चा फरक निघाला तर तो फरकच नाही असं समजा.

रंकाळा_सांजवेळ
वरच्या सगळ्याला हो, पण एक राहिलं. डब्यावरचा ४.५० हा आकडा छापील आहे. त्याच आकड्याचा पुढचा डबा दुसऱ्या साच्यातून, दुसऱ्या लॉटचा (लॉट म्हणजे एका वेळी बनलेला माल) आला की गणित बदलतं. म्हणून साइझ निवडू नका, लॉट निवडा. जमला की त्याच लॉटचे डबे एकदम घ्या. रोज १०० शॉट्स, महिन्याला २५ दिवस म्हणजे २५०० पेलेट, ५०० चे पाच डबे. वीस डबे चार महिने पुरतात.

आणि ‘सरावाला स्वस्त, स्पर्धेला महाग’ हा सल्ला लय ऐकायला मिळतो. मला पटत नाही. पेलेट बदलला की शॉट दुसरीकडं पडतो, साइटचे क्लिक बदलावे लागतात आणि स्पर्धेच्या सकाळी पोरगं त्यातच अडकतं. पैसे वाचवायचेच असतील तर ड्राय फायरिंग (पेलेट न भरता सराव) वाढवा.

करवीर_१०९
केलं बगा. पाच ग्रुपची सरासरी, छिद्राचा व्यास वजा करून: ४.४९ ला १.९ मि.मी., ४.५० ला १.३, ४.५१ ला १.४. पण तिन्हींत ग्रुप उभट येतोय, रुंदी कमी आणि उंची जास्त. मित्राचा क्रोनोग्राफ (वेग मोजायचं यंत्र) लावला, ४.५० ला दहा शॉट्समध्ये १६८ ते १७४ मीटर प्रति सेकंद.

उद्यमनगर_व्हर्निअर
४.४९ बाजूला ठेवा. उरलेल्या दोघांत निवड नाही, जो लॉट जास्त मिळेल तो घ्या.

उभटपणाचं उत्तर तुमच्याच आकड्यात आहे. १० मीटर जायला १६८ ला ०.०५९५ सेकंद लागतात, १७४ ला ०.०५७५. तेवढ्या वेळात पेलेट अनुक्रमे १७.४ आणि १६.२ मि.मी. खाली येतो. फरक १.२ मि.मी., म्हणजे जवळजवळ तुमचा सगळा ग्रुप. हा दोष पेलेटचा नाही, हवेचा आहे. दहा शॉट्सचा फरक ३ मी./से.च्या आत असायला हवा.

रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरची हवा ठरावीक दाबानं पुढं सोडणारा भाग, तपासा. अर्ध्या-अर्ध्या मिनिटानं पाच शॉट्स मारा, मग दहा मिनिटं थांबा आणि एक मारा. थांबल्यानंतरचा शॉट ठळकपणे वेगवान निघाला, तर रेग्युलेटर आतून गळतोय: रायफल नुसती असताना पुढच्या चेंबरचा दाब चढत जातो. पहिला शॉट वर जातो आणि पोरीला वाटतं आपला श्वास चुकला. तसं नसेल तर सिलिंडर उत्पादकानं दिलेल्या किमान दाबाखाली गेला होता का, ते नोंदीत बघा. रेग्युलेटर घरी उघडू नका, २०० बारची गोष्ट आहे. सिलिंडरवरची तारीखही बघा, मुदत साधारण दहा वर्षं असते.

पन्हाळा_५०मी
.२२ चं माझ्याकडून.

काडतूस पुन्हा भरता येत नाही. .२२ रिमफायर आहे: पेटणारं मिश्रण केसच्या कडेच्या आत पसरलेलं असतं आणि फायरिंग पिननं ती कड चेपली की संपलं. वेगळा प्रायमर बदलायची सोय फक्त सेंटरफायरला, म्हणजे ३०० मीटरच्या रायफलींना. तिथंही शस्त्र कायदा १९५९ च्या व्याख्येत काडतुसाचे भाग आणि ते बनवायची यंत्रं हे सगळं दारूगोळ्यातच मोडतं. परवान्याशिवाय तो विषयच काढायचा नाही.

म्हणून .२२ मध्ये आपल्या हातात एकच निवड उरते, ती लॉटची. स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला २०२४ मध्ये ब्राँझ घेतलं ते याच ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं आणि उभं). कंपनी तीच, नाव तेच, तरी एक लॉट तुमच्या बॅरलमध्ये १५ मि.मी.चा ग्रुप देतो आणि दुसरा २२ चा. शेजारच्या रायफलीत नेमकं उलटं होऊ शकतं. म्हणून ‘अमक्याचा लॉट भारी आहे’ याला अर्थ नाही.

खोकं ५० चं असतं, ते चाचणीला बरोबर बसतं: १० शॉट्स बॅरल बसवायला, ४० मोजायला, दहाचे चार ग्रुप. ब्रँडच बदलत असाल तर दोन खोकी घ्या, कारण बुलेटवरचं मेण प्रत्येकाचं वेगळं असतं आणि जुनं बॅरलमधून निघायला वेळ लागतो. चारही ग्रुप एकावर एक ठेवून बघा. सगळ्यात छान ग्रुपला भुलू नका, ४० मधले सर्वांत वाईट दोन-तीन शॉट्स कुठं गेले ते बघा. स्पर्धा तेच हरवतात.

वेग इथंही बघायचा. ३२० आणि ३३० मी./से. एवढ्या फरकाला ५० मीटरवर सुमारे ७ मि.मी. उभा फरक पडतो आणि एक रिंग ८ मि.मी.ची आहे. एलीच्या टेनेक्सच्या खोक्यावर लॉटचा वेग फूट प्रति सेकंदात छापलेला असतो. पण ती सरासरी आहे, शॉट-शॉटमधला फरक त्यातून कळत नाही.

चाचणी सकाळी वारा उठायच्या आत करा. एप्रिल-मेमध्ये काडतुसं उन्हातल्या गाडीत ठेवली तर वेग वाढलेला दिसेल, लॉटचा काही दोष नसेल. तापलेल्या चेंबरमध्ये गोळी भरून दोन मिनिटं विचार करत बसलं तरी तेच.

रंकाळा_सांजवेळ
पावसाळ्याचं एक सांगून ठेवतो. शिशाच्या पेलेटवर पांढरी भुकटी धरली की तो डबा चाचणीतून बाद, सरावालासुद्धा नको. डबा एअरटाइट बरणीत, सोबत सिलिका जेल. तेल लावून ठेवू नका, वेग बदलतो. स्कर्ट वाकलेला पेलेट टाकून द्या, चिमट्यानं सरळ करू नका. नेमबाजी झाली की पोरीला हात साबणानं धुऊनच जेवणाचा डबा खायला बसवा.

करवीर_१०९
थांबल्यानंतरचा शॉट १७९ आला, त्यामुळं रेग्युलेटर सर्व्हिसला पाठवतोय. परत आला की ४.५० आणि ४.५१ ची चाचणी नव्यानं करून आकडे इथंच टाकतो.

उद्यमनगर_व्हर्निअर
टाका, आणि डब्यामागच्या लॉट नंबरचे फोटो आत्ताच काढून ठेवा. झाकणं अदलाबदल झाली की काही सापडत नाही.