फातोर्डा, १४ ऑक्टोबर: पात्रता सामना नेमका कुठे अडतो?

फोंडेकर
आज मडगांवच्या फातोर्डा स्टेडियमचे दिवे लागलेले दिसले आणि भारत–सिंगापूर डोक्यात परत सुरू झालं. २०२५ची ती रात्र. १४व्या मिनिटाला आपल्या छांगतेचा गोल, मग ४४ आणि ५८ला सिंगापूरचा सोंग उई-यंग. १-२. आशिया चषक २०२७चं दार तिथेच लागलं.
हळहळ करून झाली सगळ्यांची. मैदान, रेघा, पंच, गुणांचं गणित, स्टँडमधली सोय, ज्याला जे पक्कं ठाऊक आहे ते आकड्यांसकट टाका. सुरुवात मी करतो: गटात चार संघ, प्रत्येकी सहा सामने, पुढे जाणार फक्त पहिला. विश्वचषक पात्रतेच्या दुसऱ्या फेरीत गटातून दोघे जात होते, तोच हिशेब लोकांनी इथेही धरला होता.

हिशोबनीस
फातोर्ड्याला येतानाच खिसा फाटका होता. शिलाँगला बांगलादेशशी ०-०, हाँगकाँगमध्ये ०-१, सिंगापुरात १-१. तीन सामने, दोन गुण.
हरल्यावर “अजून दोन बाकी आहेत” म्हणणारे पुष्कळ होते. २ आणि ६ मिळून ८. त्या रात्री सिंगापूर ८, हाँगकाँग ८, आणि त्या दोघांचा आपसातला सामना शिल्लक. कोणी जिंकला तर त्याचे ११, बरोबरी झाली तर दोघांचे ९-९. आठाला जागाच कुठे? संपलं तिथेच.

केपेची
गुण सारखे झाले तर गोलफरक ना?

हिशोबनीस
नाही ताई, आशियात आधी आपसातले सामने. आपसातले गुण, मग आपसातला गोलफरक, मग आपसातले गोल. एकूण गोलफरक त्याच्यानंतर. सिंगापूरशी आपलं १-१ आणि १-२, म्हणजे गुण सारखे झाले असते तरी तेच वर. म्हणून अशा गटात दुबळ्या संघाला पाच-सहा गोल मारून काही साधत नाही. शेजारच्याशी हरायचं नाही, एवढंच.

शिट्टीवाला
पाच दिवस आधीचं विसरू नका. ९ ऑक्टोबरला सिंगापुरात ४७व्या मिनिटाला संदेश झिंगनला दुसरं पिवळं, म्हणजे लाल. लाल मिळालं की पुढचा सामना किमान बाहेर. रहीम अलीने ९०व्या मिनिटाला बरोबरी करून एक गुण आणला खरा, पण फातोर्ड्याला मधला बचावपटू नाही. बचावाच्या मधल्या जोडीला बोलायची सवय लागते: कोण पुढे जाणार, कोण मागे राहणार, बचावाची रांग कधी पुढे सरकवायची. चार दिवसांत नवी जोडी बसत नाही.
४४व्या मिनिटाचा गोल सगळ्यात वाईट. मध्यंतराआधीच्या पाच मिनिटांत चेंडू कोपऱ्यात नेऊन ठेवायचा, थ्रो सावकाश घ्यायचा. लहान मुलांच्या स्पर्धेतही हेच शिकवतात.

मडगांवचो
सावकाश थ्रो घेतला की तुम्हीच कार्ड दाखवता, बाब 😄

शिट्टीवाला
😄 पिवळं परवडतं, गोल नाही.

रेघा_मारणारा
मैदानाचं सांगतो. १०५ बाय ६८ मीटर. चारही कोपरे काटकोनात आहेत का हे डोळ्यांनी कळत नाही. दोरीवर ३-४-५ मीटर घेऊन कोपरा बसवायचा आणि शेवटी दोन्ही कर्ण मोजायचे, १२५.१० मीटर यायला हवेत. दोन कर्णांत फरक आला तर मैदान तिरकं आहे, परत मोजा.
पेनल्टीची जागा ११ मीटरवर, तिथून चौकटीबाहेरची कमान ९.१५. मोठी चौकट गोलखांबांच्या आतल्या कडेपासून १६.५ मीटर बाजूला, म्हणजे ७.३२ अधिक ३३, एकूण ४०.३२. चूक नेहमी इथेच होते, खांबाच्या बाहेरून मोजतात.
चुना वापरू नका. ओला झाला की घसरलेल्या खेळाडूचं कातडं भाजतं आणि गवत पिवळं पडतं. पाण्यात कालवायचा मैदानाचा रंग मिळतो, तो घ्या.

हळदोण्यातून
रेघेवरून आठवलं. ११ जून २०२४, दोहा, विश्वचषक पात्रतेत कतारविरुद्ध. आपण १-० वर होतो. चेंडू गोलरेषेबाहेर गेला होता, कतारने तिथून ओढून घेतला आणि गोल. त्या फेरीत व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासायची सोय, नव्हती. २-१ हरलो आणि तिसरी फेरी गेली.

रेघा_मारणारा
नियम असा: चेंडू पूर्ण बाहेर हवा, जमिनीवर असो वा हवेत. चेंडूचा घेर ६८ ते ७० सेंमी, म्हणजे जाडी साधारण २२. रेघ जास्तीत जास्त १२ सेंमी. चेंडूचा टेकलेला बिंदू रेघेच्या बाहेरच्या कडेपासून १० सेंमी लांब दिसला तरी पोटाचा भाग रेघेवर लोंबत असतो, आणि चेंडू आतच. वरून बघितलं तरच कळतं. कतारचा त्याच्याही पलीकडे होता, ते वेगळं. पण लाइनमन कोपऱ्याच्या रेषेत उभा नसेल तर त्याला काय दिसणार?

पाऊसवेडी
आमच्याकडे ऑक्टोबर म्हणजे दिवसा घाम, संध्याकाळी गडगडाट. ह्याच मैदानावर २४ ऑक्टोबर २०१०ला भारत–ऑस्ट्रेलिया एकदिवसीय सामना एकही चेंडू न टाकता रद्द झाला होता. फुटबॉलला मैदान एवढं कोरडं लागत नाही का?

गवत्या
नाही, क्रिकेटला खेळपट्टी कोरडी हवी. फुटबॉलला चेंडू घरंगळला आणि उसळला की झालं. पंच चार-पाच जागी चेंडू टाकून बघतात, गोलतोंडाशी नक्की, कारण तिथे गवत झिजलेलं असतं आणि पाणी तिथेच साचतं.
पाणी साचलं तर आधी स्पंजचा रूळ, मग काट्याने १० ते १५ सेंमी खोल भोकं, मग वाळू. जड रोलर फिरवायचा नाही. माती दबते आणि पाणी वरच राहतं. गवत २५ ते ३० मिमी. त्याहून वाढलं तर पास अडकतो. दमट हवेत बुरशीचे गोल डाग पडतात, म्हणून संध्याकाळी उशिरा पाणी मारू नये, पहाटे मारावं. सामन्याच्या दिवशी मात्र आधी हलकं शिंपतात, चेंडू पळावा म्हणून.

केपेची
चेंडूत हवा किती भरायची? मुलाच्या संघाचे नेहमी दगड करून ठेवतात

गवत्या
५ नंबरचा असेल तर ८.५ ते १५.६ पीएसआय. मुलांना ९-१० पुरे. सुई आधी ओली करा, कोरडी घातली की आतला व्हॉल्व फाटतो.

मडगांवचो
सोंग उई-यंग कोरियात जन्मला, २०२१ला सिंगापूरचा नागरिक झाला. आणि आपल्याकडे सासष्टीत निम्मी पोरं पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन बसलीत 🙂

हिशोबनीस
तो पासपोर्ट घेतला की भारतीय नागरिकत्व गेलं, ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं कार्ड) भारताकडून खेळता येत नाही. उलट रस्ताही आहे, पण परदेशी पासपोर्ट सोडावा लागतो. फुटबॉलपटू रायन विल्यम्सने २०२५मध्ये ऑस्ट्रेलियाचा सोडून भारतीय घेतला. आधी कागद, मग फुटबॉल.

फोंडेकर
पुढच्या सामन्याला पणजीहून जाणाऱ्यांनी काय करावं?

म्हापशें_ते_मडगांव
पणजी ते मडगांव ३० किमीच्या वर, कामाच्या दिवशी संध्याकाळी तासभर धरा. साडेसातचा सामना साडेनऊच्या आधी सुटत नाही, येताना बस बघूनच बसा. शेवटच्या शटल बसची वेळ जातानाच विचारून घ्या. स्टेडियम मडगांवच्या कदंबा बस स्टँडपासून चालत आहे, गाडी नेऊन अडकू नका.
दुचाकीवाल्यांनो, हेल्मेट आत नेऊ देत नाहीत. पातळ साखळी ठेवा, हनुवटीच्या पट्ट्यातून घालून गाडीला कुलूप. पाण्याची बाटली आणि छत्री दारातच काढून घेतात, रेनकोट घ्या. तिकीट मोबाइलवर असेल तर फोटो काढून ठेवा, गेटवर गर्दीत नेट जातं.

हळदोण्यातून
आणि सुटल्यावर रॉस आमलेट, शाकुतीच्या रश्श्यातलं. त्याशिवाय हरलेला सामना पचत नाही

पाऊसवेडी
रॉस दाट असेल तर पुढच्या गाड्यावर जावें. शाकुतीचा रस्सा पातळ हवा, पाव भिजला पाहिजे, आमलेट बुडलं नाही पाहिजे. कांदा बारीक, लिंबू शेवटी. आधीच पिळलं तर रस्सा आंबट होतो.

शिट्टीवाला
सिंगापूरने १८ नोव्हेंबरला हाँगकाँगला २-१ हरवलं आणि गेले. त्याआधी आशिया चषकात ते फक्त १९८४ला होते, तेही यजमान म्हणून. त्या वर्षी भारत मात्र पात्रता खेळून गेला होता.

मडगांवचो
१९८४!! आता ह्याच्यावर दुसरं आमलेट लागणार

केपेची
हेल्मेटची साखळी कुठे मिळते? मडगांवात?

म्हापशें_ते_मडगांव
सायकलच्या दुकानात बघा ताई. आकड्याचं कुलूप घेऊ नका, पावसात गंजून अडकतं. चावीचं घ्या.