मदत हवी आहे: आठ जणांचा अभ्यास कंपनीला पुरेसा वाटत नाही

खटपट्या
डिझाइनच्या पदव्युत्तर शिक्षणानंतरची एक वर्षाची फेलोशिप, भागीदार एक कंपनी. आठ जणांच्या घरी जाऊन निरीक्षणं केली. कंपनीचे अभियंते म्हणतात, आठ म्हणजे काहीच नाही, दोनशे जणांचा सर्व्हे आणा, शिवाय आमचं झाकण चाचणीत पास आहे. परवा बैठक आहे. काय सांगू? लवकर कळवा.

रेघोट्या
कसलं झाकण? कुठली चाचणी? आठ जण कसे निवडले? एवढं तरी लिहा.

खटपट्या
औषधाच्या बाटलीचं, दाबून फिरवायचं, लहान मुलांना उघडू नये असं. चाचणी आयएसओ ८३१७, अशा झाकणांचं आंतरराष्ट्रीय मानक. आठही जणांना हाताचा संधिवात, वय ६८ ते ८४.

मोजपट्टी
मग उत्तर त्या मानकातच आहे. मोठ्यांच्या चाचणीत ५० ते ७० वयाचे १०० जण असतात, ९० टक्क्यांना उघडून पुन्हा नीट बंद करता आलं की पास. हातांच्या हालचालीवर परिणाम करणारं उघड अपंगत्व असलेल्यांना त्यात घेतच नाहीत. म्हणजे झाकण पास आहे हे खरं, पण तुमच्या आठ जणांबद्दल तो निकाल काहीच सांगत नाही. हे पहिल्याच स्लाइडवर घाला.
आणि ‘८ पैकी ६, म्हणजे ७५ टक्के’ असं चुकूनही लिहू नका, एवढ्या कमी जणांच्या टक्केवारीवरच अडकाल. अडचण कुठल्या पायरीवर येते ते दाखवा: पकड, दाब, की दाब धरून फिरवणं.

हातमोजेवाला
एवढं कशाला? बोटं आखडणारे सिम्युलेशन हातमोजे अभियंत्यांना घाला, पाच मिनिटांत पटेल.

मोजपट्टी
पटेल, पण चुकीचं पटेल. हातमोज्यांनी हालचाल आणि ताकद कमी होते, वेदना कळत नाही. वर्षानुवर्षं शोधलेल्या युक्त्याही त्यात येत नाहीत. बैठक तापवायला वापरा, निष्कर्षाला नको.

हातमोजेवाला
निष्कर्षाला वापरा असं मी म्हटलंच नाही. ज्याने कधी झाकणाशी झगडलंच नाही त्याला आकडे दाखवून काय होणार?

साचेकार
थ्रीडी प्रिंट केलेल्या झाकणावर टॉर्क, म्हणजे फिरवायला लागणारा जोर, मोजू नका. आट्यांचं घर्षण साच्यातल्या पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकसारखं नसतं, आकडे फसवतात. उत्पादनातलंच झाकण घ्या आणि बाहेरची पकड तेवढी प्रिंट करून चिकटवा.

खटपट्या
टॉर्क मोजायचाच नाहीये. सर्व्हे टाळायचा आहे.

रेघोट्या
आठातले किती जण झाकण एकदा उघडलं की सैलच ठेवतात?

खटपट्या
पाच. दोघांच्या घरी नातवंडं येतात. ते व्हिडिओत आहे.

रेघोट्या
मग हेच पुढे ठेवा! सैल ठेवलेलं झाकण मुलांना रोखत नाही, म्हणजे ज्यासाठी कुलूप केलं तेच फसलं. हे सुरक्षेचं दुखणं आहे, कंपनी ऐकेल. ‘झाकण उघडता येतं का?’ असा सर्व्हे घेतलात तर हे पाचही जण ‘हो’ लिहितील. नंतर दोनशे जणांना विचारायचंच असेल तर ‘उघडल्यावर कसं ठेवता?’ हा प्रश्न हवा. व्हिडिओ कंपनीला दाखवायची लेखी संमती आहे ना?

खटपट्या
संमतीपत्रात फक्त ‘संशोधनासाठी’ आहे.

रेघोट्या
मग परवानगी मिळेपर्यंत व्हिडिओ दाखवू नका. आज फोन करून विचारा, होकार लेखी घ्या. तोवर पायऱ्यांची रेखाचित्रं काढा, फक्त हात आणि बाटली.