१९ दिवसांचं बाळ, फक्त अंगावरचं दूध, कावीळ उतरत नाही. थांबायचं की तपासायचं?

दिघा_परिचारिका
नमस्कार. गृहभेटीतल्या एका बाळाबद्दल विचारायचं आहे. पूर्ण दिवसांचं, ३९ आठवडे, नॉर्मल बाळंतपण, जन्माचं वजन २.८० किलो. चौथ्या दिवशी २.६२ होतं, आज १९व्या दिवशी ३.०२. फक्त अंगावरचं दूध. चौथ्या दिवशी टोटल बिलिरुबिन (रक्तातलं पिवळेपणा आणणारं द्रव्य) १४ मिलिग्रॅम होतं, लाइटखाली ठेवावं लागलं नाही. अजून चेहरा, छाती आणि डोळे पिवळे आहेत. दूध जोरात ओढतं, दिवसाला सात-आठ लंगोट ओले होतात. आई ओ पॉझिटिव्ह, बाळ बी पॉझिटिव्ह.

आजी कोवळ्या उन्हात ठेवा म्हणतात. शेजारणीने दोन दिवस अंगावरचं बंद करून डब्याचं द्या असं सांगितलंय. आईने जेवणातली हळद सोडली आहे. कावीळ उतरवणाऱ्याकडे न्यायचा विषयही निघाला. किती दिवस वाट पाहायची, आणि एवढ्याशा जिवाला टोचायचंच तर कोणत्या तपासण्या खरंच लागतात?

बालरोग_ठाणे
ताई, आकडे नेमके दिलेत म्हणून बरं झालं. फक्त शीचा रंग राहिला, आणि मला सगळ्यात आधी तोच हवा आहे. कसा पाहायचा ते खाली लिहितो.

पूर्ण दिवसांच्या बाळाची कावीळ १४ दिवसांपुढे आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाची २१ दिवसांपुढे राहिली, की ती लांबलेली कावीळ. अंगावर पिणाऱ्या बाळांत ती पुष्कळदा दिसते आणि बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. आईच्या दुधातल्या काही घटकांमुळे आतड्यात उतरलेलं बिलिरुबिन पुन्हा रक्तात शोषलं जातं. शिवाय काही बाळांच्या यकृतातलं बिलिरुबिन बांधणारं एन्झाइम मुळातच संथ असतं. अशी कावीळ दुसऱ्या आठवड्यात सगळ्यात जास्त असते आणि हळूहळू ८ ते १२ आठवड्यांपर्यंत जाते. औषध लागत नाही, यकृताचे म्हणून मिळणारे थेंबही नाहीत.

पण 'दुधाची कावीळ' हे नाव बाकीचं पाहून झाल्यावरच द्यायचं. त्यासाठी एक आकडा सोडून चालत नाही, तो म्हणजे डायरेक्ट बिलिरुबिन, म्हणजे यकृताने बांधलेलं, पित्तातून बाहेर जायचं बिलिरुबिन. तो १ च्या वर गेला तर टोटल कितीही कमी असू दे, ती दुधाची कावीळ नव्हे. मग पहिला संशय पित्तनलिका बंद असण्याचा. ही बाळं सुरुवातीला छान पितात, वजन धरतात, गुटगुटीत दिसतात, आणि तिथेच सगळे फसतात. पित्ताला वाट करून देणारं कासाई ऑपरेशन ६० दिवसांच्या आत व्हायला हवं, आणि जितकं लवकर होईल तितकी पित्त वाहतं होण्याची शक्यता जास्त. त्याआधी सोनोग्राफी, स्कॅन, कधी बायोप्सी, यातच कितीतरी दिवस जातात. म्हणून 'दीड महिन्याच्या लसीला आणाल तेव्हा बघू' हे वाक्य मला घातक वाटतं. १९वा दिवस म्हणजे आजच तपासायचं, थांबायचं नाही.

एकाच टोचणीत एवढं घ्या: टोटल आणि डायरेक्ट बिलिरुबिन, सीबीसी आणि रेटिक (रक्तपेशींची मोजणी आणि नव्या तांबड्या पेशींचं प्रमाण), डायरेक्ट कूम्ब्ज (आई ओ, बाळ बी आहे म्हणून; आईच्या प्रतिपिंडांनी बाळाच्या पेशी फुटतात का ते कळतं), जी६पीडी (तांबड्या पेशींना जपणारं एन्झाइम), थायरॉइडसाठी टीएसएच आणि फ्री टी४. थायरॉइडची जन्मतःची तपासणी आपल्याकडे सगळीकडे आपोआप होत नाही, म्हणून ती गृहीत धरू नका. लघवीची साधी तपासणी आणि कल्चरही पाठवा, कारण लघवीतला जंतुसंसर्ग तापाशिवाय फक्त कावीळ घेऊन येऊ शकतो. उलट्या होत असतील किंवा वजन अडलं असेल तर लघवीतली रिड्यूसिंग शुगरही पाहायची, दुधातली साखर शरीराला वापरता न येण्याचा आजार (गॅलॅक्टोसीमिया) ओळखायला.

आता शी. लंगोट खिडकीशी, दिवसाच्या उजेडात न्या. संध्याकाळी पिवळ्या बल्बखाली पांढुरकी शीसुद्धा पिवळट दिसते. गडद लघवीने भिजलेली असेल तर वरून पिवळी आणि आतून पांढरी निघते, म्हणून काडीने मोडून आतला रंग पाहा. मोहरी वाटल्यासारखी पिवळी किंवा हिरवट असेल तर ठीक. खडूसारखी किंवा भिंतीच्या पुट्टीसारखी असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. लघवी बिनरंगी हवी. धुतलेल्या दुपट्यावर पिवळा डाग राहत असेल तर तेही सांगा.

नमुना_कोपरी
लॅबच्या बाजूने थोडं. चिठ्ठीवर 'बिलिरुबिन' एवढंच असेल तर काही ठिकाणी नुसतं टोटल करून देतात. 'टोटल आणि डायरेक्ट' असं लिहून घ्या.

उजेडात बिलिरुबिन मोडतं आणि आकडा खोटा कमी येतो. घरून नमुना नेणारा मुलगा घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये ट्यूब हँडलला लटकवून तासभर उन्हात फिरला तर रिपोर्टला अर्थ उरत नाही. टोचल्याबरोबर ट्यूबला चपातीची फॉइल गुंडाळायची. टाच दाबून दाबून काढलेलं रक्त फुटतं, सीरम लालसर होतं, आणि डायरेक्टचा आकडा भरवशाचा राहत नाही. असा शेरा आला तर शिरेतून पुन्हा घ्या.

डायरेक्ट ०.३ ते ०.६ आला म्हणून घाबरू नका. लॅबच्या नेहमीच्या डायझो पद्धतीत थोडं साधं, न बांधलेलं बिलिरुबिनही त्यात मोजलं जातं. आकडे फार मोठे दिसले तर एकक बघा, मायक्रोमोलला १७.१ ने भागलं की मिलिग्रॅम मिळतात. कपाळावर टेकवायच्या मीटरने डायरेक्ट कळत नाही, त्यावर इथे विसंबू नये.

स्तनपान_सल्ला_नेरूळ
ताई, वजनाचाच हिशोब बघा. १५ दिवसांत ४०० ग्रॅम, म्हणजे रोज साधारण २७. २० ते ३० ग्रॅम अपेक्षित असतात. या बाळाला दूध पुरतंय. पहिल्या आठवड्यात दूध कमी पडून होणारी कावीळ वेगळी. तिथे वजन १० टक्क्यांच्या पुढे उतरतं, शी कमी होते, आणि तिथेही उपाय जास्त वेळा आणि नीट पाजणं हाच असतो.

दोन दिवस अंगावरचं बंद केलं तर आकडा उतरतो, हे खरं. पण लाइट लागण्याइतका नसलेला आकडा आणखी खाली आणून बाळाला काही मिळत नाही. इकडे आईच्या छातीत गाठी होतात, दूध आटायला लागतं, बाळाला बाटलीची सवय लागते. वर घरच्यांना वाटतं 'उतरली', आणि डायरेक्ट तपासायचा राहूनच जातो. २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजणं चालू ठेवा. गिळण्याचा आवाज येतो का आणि पाजून झाल्यावर छाती हलकी होते का, एवढं आईला पाहायला सांगा.

ग्लुकोजचं पाणी नको. बिलिरुबिन मुख्यतः शीवाटे जातं, पाण्याने धुऊन निघत नाही. पोट पाण्याने भरलं की दूध कमी आणि शीही कमी. मध तर वर्षाच्या आत अजिबात नाही. सहाणेवर उगाळलेली गुटीही नको. आईला हळद, तूप, सगळं खाऊ द्या, तिच्या जेवणाचा रंग बाळाच्या कातडीत उतरत नाही.

ऊन हा उपचार नाही. फोटोथेरपीत ठरावीक निळा प्रकाश उघड्या अंगावर तासन् तास लागतो. उन्हात बाळ भाजतं किंवा उघडं राहून गारठतं. आजींना 'डी' साठी ऊन हवं असेल तर त्याऐवजी रोज ४०० युनिटचे थेंब द्या. काही बाटल्यांत १ मिलीत ४०० असतात, काहींत ८००, तेव्हा लेबल वाचूनच माप ठरवा.

कळवा_फार्मसी
एक राहून जातंय. ट्रंकेतली जुनी दुपटी, आजीच्या साडीची गोधडी, बाळंतविड्यातले कपडे, यांत डांबराच्या गोळ्या असतात. जी६पीडी कमी असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी त्या वासाने आणि स्पर्शाने फुटतात. तेलमालीश केलेल्या अंगातून त्या गोळ्यांतलं नॅफ्थलीन जास्त शोषलं जातं. रिपोर्ट येईपर्यंत ते कपडे वापरू नका, आणि गोळ्या घरातूनच काढा.

दिघा_परिचारिका
सगळ्यांचे आभार. रिपोर्ट आले. टोटल ११.४, डायरेक्ट ०.५, हिमोग्लोबिन १४.२, रेटिक १ टक्का, कूम्ब्ज निगेटिव्ह, जी६पीडी आणि थायरॉइड नॉर्मल. लघवी साधी स्वच्छ, कल्चर यायचं आहे. शी खिडकीशी मोडून पाहिली, आतूनही मोहरीसारखी पिवळी. दुपट्याला डाग नाही. आता पुढे काय?

बालरोग_ठाणे
कल्चर निर्जंतुक आलं की ही दुधाची कावीळ म्हणायला हरकत नाही. पूर्ण दिवसांच्या, दुसरा धोका नसलेल्या बाळाला या वयात लाइट लागायचा तर आकडा २० च्या आसपास जावा लागतो. आपण त्यापासून लांब आहोत.

२१, २८ आणि ४२व्या दिवसाच्या गृहभेटी ठरलेल्याच आहेत. प्रत्येक वेळी त्याच काट्यावर उघडं वजन, उजेडात शी, आणि तळवे-हिरड्या फिकट पडल्या का ते बघा. ओ-बी जोडीत हिमोग्लोबिन पुढच्या काही आठवड्यांतही हळू उतरू शकतं. पित्तनलिकेच्या आजारात सुरुवातीला शीला रंग असून तो नंतर फिका होत जातो, म्हणून आईलाही रोज पाहायला शिकवा. दोन आठवड्यांनी पिवळेपणा तसाच असेल तर टोटल-डायरेक्ट पुन्हा.

बाळ सुस्त पडलं, दूध सोडलं, किंचाळल्यासारखं रडू लागलं, अंग मागे ताणू लागलं, ताप आला, बेंबीतून किंवा नाकातून रक्त आलं, तर रात्र काढू नका. थेट कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय गाठा. डायरेक्ट वाढला किंवा शी पांढरी झाली तर परळच्या वाडिया बालरुग्णालयासारख्या, बालयकृत आणि बालशस्त्रक्रिया दोन्ही असलेल्या ठिकाणी पाठवा.

आणि दीड महिन्याची लस या कावीळीमुळे पुढे ढकलायची नाही, घरच्यांना आत्ताच सांगून ठेवा.